शारजाला चाललोय, वाळूच्या टेकड्यांवर चालवायला जुनी स्पोर्ट क्वाड (चार चाकांची बाईक) घ्यायची आहे: रॅप्टर ७०० घेऊ की ४५०?

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार मंडळी,

कंपनीने शारजाला टाकलंय, सप्टेंबरअखेर निघतोय, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट आहे. तिकडच्या ऑफिसातली पोरं थंडी सुरू झाली की सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून अल बदायरला जातात वाळूत क्वाड चालवायला, तो हत्ता रोडवरचा बिग रेड म्हणतात ना तोच पट्टा, आणि त्यांचे व्हिडिओ बघून बघून आता मला इथे ऑफिसात बसवत नाही. तिथे भाड्याने मिळतात पण बहुतेक त्या ऑटोमॅटिक, गाइडच्या मागे रांगेत चालवायच्या. मला स्वतःची हवी, गिअरवाली, स्पोर्ट. नवी परवडणार नाही.

बजेट २० हजार दिरहम, त्यातच हेल्मेट-बूट वगैरे सगळं बसवायचंय, याच्या वर गेलो तर घरी उत्तर द्यावं लागेल. माझं वजन ८२ किलो. अनुभव म्हणाल तर १५ वर्षं बाईक, लडाख-स्पिती झालंय, माळशेज-नाणेघाटाकडे पावसात चिखलातही चालवलीय, पण क्वाड फक्त कर्जतच्या एका रिसॉर्टला गोल गोल फिरवलीय, त्याला अनुभव म्हणत असाल तर तो.

यामाहा रॅप्टर ७०० आणि वायएफझेड ४५०आर या दोनच गाड्या सगळे सांगतात. कोणी म्हणतं होंडा ४०० घे, शिक, मग मोठी घे. आणि जुनी बघायला गेलो तर नेमकं काय बघायचं, कारण बाईक मला कळते पण वाळूत चाललेली गाडी कधी उघडून बघितलेली नाही. बायकोचा प्रश्न वेगळाच आहे, ती म्हणते परत येताना ती इकडे आणता येईल का, अलिबागला वापरू. ज्यांनी आखातात चालवलीय त्यांनी सांगा प्लीज.

घोडबंदर_रिटर्न

मित्रा, मी शारजा-अजमानला बरीच वर्षं काढली आणि आता कासारवडवलीला बसून ट्रॅफिक बघतो, त्यामुळे तुझा हेवा वाटला, ते असो.

सीसी बघून गाडी घेऊ नको असं सगळे सांगतात आणि मग सगळे ७००च घेतात, त्याला कारण आहे. वाळू ताकद खाते. रस्त्यावर थ्रॉटल सोडला तर गाडी आपली पुढे जात राहते, मऊ वाळूत सोडलास की चार पावलांत बसते, म्हणजे चढावर तू पूर्ण वेळ अंगठा दाबून असणार (हो, क्वाडला थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो, मूठ पिळायची नसते, पहिल्या दिवशी अंगठा असा दुखतो की चहाचा कप धरवत नाही). रॅप्टर ७००चं ६८६ सीसीचं एकच मोठं सिलिंडर आहे, खालच्या आरपीएमपासूनच ओढतं, एखादा गिअर चुकला तरी चढ सोडत नाही. वायएफझेड ४५०आर मुळात मोटोक्रॉस ट्रॅकसाठी बनवलेली, रुंद, बुटकी, ताकद सगळी वरच्या आरपीएमला. ज्याला सतत गिअर पाडत-टाकत इंजिन ओरडत ठेवायला जमतं तो ४५०वर ७००वाल्यांना पाणी पाजतो, पण नवीन माणूस अर्ध्या चढावर गिअर पाडायला गेला की क्लच, अंगठा, वजन सगळ्याचा मेळ चुकतो आणि गाडी तिथेच रुतते.

दुसरं कारण कोणी व्हिडिओत सांगत नाही, ते म्हणजे रिव्हर्स. रॅप्टरला रिव्हर्स गिअर आहे, वायएफझेड ४५०आरला नाही. दोन टेकड्यांच्या मधल्या खड्ड्यात नाक खुपसून थांबलास तर १९० किलोच्या आसपासची गाडी भर उन्हात एकट्याने मागे ओढून बघ म्हणजे रिव्हर्सची किंमत कळेल. ४५०च हवी असेल आणि रिव्हर्सपण हवा असेल तर कावासाकी केएफएक्स ४५०आर आहे, पण ती बंद होऊन बरीच वर्षं झाली, पार्ट्ससाठी फिरावं लागेल.

होंडाची ४००ईएक्स, जी पुढे ४००एक्स झाली, ती एअरकूल्ड आहे, साधी आहे, बिचारी मार खाऊन पण चालत राहते, शिकायला उत्तम. पण तुझ्या ८२ किलोला घेऊन मोठ्या चढावर ती धापा टाकणार आणि दुसऱ्या सीझनला तू विकायला काढणार. मधला रस्ता हवा असेल तर सुझुकी झेड४००, वॉटरकूल्ड आहे, सेल्फ आहे, रिव्हर्स आहे. सुरुवातीची कावासाकी केएफएक्स ४०० म्हणजे तीच गाडी हिरव्या प्लास्टिकमध्ये.

एक गोष्ट पक्की कर, ॲडमध्ये नुसतं "रॅप्टर" लिहिलं असेल तर आधी कोणती ते विचार. २००१ ते २००५ची ६६० कार्ब्युरेटरवाली आहे, ७०० आली २००६ला आणि ती पहिल्यापासून फ्युएल इंजेक्शनची. वायएफझेडचं पण तसंच, २००४ला आली ती कार्ब्युरेटरवाली, २००९पासूनची "आर" म्हणजे इंजेक्शन. होंडाची ४५०आर तर शेवटपर्यंत कार्ब्युरेटरवरच राहिली. सकाळच्या गारव्यातनं दुपारच्या उन्हात जाताना कार्ब्युरेटरशी खेळत बसायची हौस असेल तरच तिकडे जा.

कळंबोली_मेकॅनिक

वरच्या भाऊंनी मॉडेलचं बरोबर सांगितलंय, पण मी उलट बाजूने सांगतो. कुठली गाडी ते नंतर, आधी तिने वाळू किती खाल्लीय ते बघा. मी आता इकडे बाईकचं काम करतो, आधी मस्कतला वर्कशॉपमध्ये होतो, आणि हिवाळाभर आमच्याकडे क्वाडच यायच्या, दहातल्या बहुतेक एकाच रोगाच्या.

सीट काढा, एअरबॉक्सचं झाकण उघडा, फिल्टर बाहेर काढा. फिल्टरकडे बघून खूश होऊ नका, विकायच्या आदल्या रात्री फिल्टर कोणीपण धुतो. फिल्टरच्या मागे रबरी नळी असते, जी थ्रॉटल बॉडीकडे जाते, तिच्यात बोट घालून आतून गोल फिरवा. बोट कोरडं स्वच्छ आलं तर पुढचं बोलणं. तेलकट पिठासारखं काही लागलं आणि दोन बोटांत चोळल्यावर कचकच जाणवली तर तिथूनच नमस्कार करा, मालक कितीही गोड बोलला तरी. ती वाळू फिल्टर चुकवून इंजिनात गेलीय, आणि ती बाहेर येत नाही, सिलिंडर आणि व्हॉल्व्ह घासून घासूनच संपते.

४५०ला हे जास्त महागात पडतं कारण वायएफझेडला पाच व्हॉल्व्ह आहेत आणि ते टायटॅनियमचे. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर वरनं कडक कोटिंगचा पातळ थर असतो, बारीक वाळूने तो गेला की आतला धातू मऊ, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल खोल बसत जातो, क्लिअरन्स संपतो आणि गाडी स्टार्ट व्हायला त्रास द्यायला लागते. शिम (व्हॉल्व्हचं अंतर ठरवणारी पातळ चकती) बदलून थोडे दिवस ढकलता येतं, मग हेडचं काम निघतंच. म्हणून मालकाला आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका, आणि पोचल्या पोचल्या पहिला हात इंजिनला लावा. गरम लागलं तर समजा कोणीतरी तुमच्या आधी मेहनत घेतलीय. थंड इंजिन सेल्फवर दोन-तीन प्रयत्नांत उठलं पाहिजे. पाच मिनिटं चालवून बंद करा आणि लगेच परत लावा, गरम इंजिन उठायला कुरकुरत असेल तर व्हॉल्व्ह नाहीतर कॉम्प्रेशन. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, त्यावर वेगळं सांगायला नको.

नंतर मागची बाजू जॅकवर उचला, दोन्ही चाकं जमिनीपासून वर. चाक फिरवा आणि लांबून ॲक्सलच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाकडे बघा, टोक गोल गोल नाचत असेल तर ॲक्सल वाकलाय. उडी मारून आडवी पडली की हेच होतं. चाक धरून आडवं हलवा, खटखट आली तर बेअरिंग नाहीतर स्विंगआर्म. मग जमिनीवर झोपा, खरंच झोपा, पँट खराब होऊ दे, आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे वरचे माउंट, ए-आर्म (पुढची चाकं धरणारे दांडे) जिथे फ्रेमला लागतात ते कोपरे, इंजिनच्या खालचे पाइप हे टॉर्च मारून बघा. चीर, वेल्डिंग, किंवा बाकी फ्रेम जुनी आणि तेवढाच एक तुकडा नवीन रंगाचा, तिन्हीचा अर्थ एकच.

क्लच बघायला वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला असताना एकदम पूर्ण थ्रॉटल द्या, आवाज चढला आणि गाडी पळाली नाही तर प्लेट गेल्या. पॅडल टायरवर (वाळूसाठीचे, आडव्या फावड्यांचे) चाललेल्या गाडीचे क्लच, चेन, स्प्रॉकेट लवकर जातात. रेडिएटरच्या जाळीत वाळू-माती घट्ट बसलेली असते, आणि गाडी उभी ठेवून गरम होऊ द्या, फॅन आपोआप सुरू झाला पाहिजे. फॅनला डायरेक्ट स्विच लावलेला दिसला तर का लावला ते विचारा. बाकी लाईट, प्लास्टिक, सीट कव्हर याच्यात वेळ घालवू नका.

नौपाडा_टूस्ट्रोक

सगळे फोरस्ट्रोकवाले जमलेत म्हणून मुद्दाम आलो. ड्यून्सचा राजा यामाहा बॅन्शी, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टूस्ट्रोक, वॉटरकूल्ड, सहा गिअर, अमेरिकेत १९८७ ते २००६ विकली आणि आजपण तिकडे वाळूत लोक तिच्यावर जीव टाकतात. आरडी ३५०वर वाढलेल्या माणसाला तो आवाज ऐकवा, रॅप्टर म्हणजे डिझेल जीप वाटेल. ऐरोलीकर, बॅन्शी घे, आयुष्यात एकदा घे.

कळंबोली_मेकॅनिक

मामा, आवाजाबद्दल तुमच्याशी वाद नाही 😄 पण पोरगं पहिल्यांदा वाळूत जातंय. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं, जेटिंग (कार्ब्युरेटरची सेटिंग) करायचं, पिस्टन-रिंगा अधूनमधून बदलायच्या, रिव्हर्स नाही, आणि खाली ताकद नाही, मग अचानक सगळी एकदम येते. शिवाय आज मिळणाऱ्या बहुतेक बॅन्शी कोणीतरी पोर्टिंग करून (सिलिंडरची भोकं घासून मोठी करून), बोअर वाढवून ठेवलेल्या. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. दुसरी गाडी म्हणून घ्या म्हणावं, पहिली नको.

पनवेल_प्राजक्ता

गाडीवर सगळे बोललेत, चालवणाऱ्यावर कोणीच नाही. मी आणि नवरा दुबईला असताना दोघंही चालवायचो, आणि आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त लागलेले लोक कोण, तर चांगले बाईकवाले. ऐरोलीकर, तुमच्यासारखेच, रागावू नका.

बाईकवाल्याला सवय असते की गाडी कलली की पाय टेकवायचा. क्वाडवर पाय खाली ठेवलात की तो पुढे चाललेल्या गाडीच्या मागच्या चाकाखाली ओढला जातो, तुमच्याच गाडीच्या, आणि घोटा नाहीतर पिंढरी जाते. म्हणून नर्फ बार, म्हणजे पायाशी दोन्ही बाजूला जो बार आणि जाळी असते ना, ती नसलेली गाडी घेतली तर पहिला खर्च तोच करा, एक्झॉस्ट-बिक्झॉस्ट नंतर. आणि घोट्याच्या वरपर्यंतचे मोटोक्रॉस बूट, ट्रेकिंगचे चालणार नाहीत. दुसरी सवय म्हणजे वळताना गाडीसोबत कलणं. इथे गाडी कलत नाही, मागचा ॲक्सल सरळ एकच आहे, दोन्ही चाकं सारखीच फिरतात, तुम्हालाच सीटवरून सरकून आतल्या बाजूला वजन टाकावं लागतं. आडव्या उतारावर तर कायम चढाच्या बाजूला बसायचं.

आणि टेकडीचा माथा. वाऱ्याकडची बाजू लांबलचक आणि सौम्य असते, पलीकडची बाजू जिथे वाळू घसरून पडते ती ३०-३४ अंशांची. चढणाऱ्याला पलीकडचं काहीच दिसत नाही, आणि दुपारी बाराला ऊन डोक्यावर असलं की सावलीच नसते, मग धारदार कडा आणि सपाट वाळू एकच दिसते. सकाळी लवकर नाहीतर चारनंतर चालवा. माथ्याशी पोचताना थ्रॉटल कमी करून थोडं तिरकं जायचं, बघायचं, मग उतरायचं. चढ अर्धवट राहतोय असं वाटलं तर थांबू नका, अजून वेग आहे तोवर मोठं वळण घेऊन खाली या. थांबायचंच असेल तर उताराकडे तोंड करून थांबा, म्हणजे निघताना भांडावं लागत नाही.

झेंडा लावाच, उंच. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल सँड ड्यून्सला जमिनीपासून ८ फूट झेंडा सक्तीचा आहे, उगाच नाही, समोरच्या बाजूने चढत येणाऱ्या लँड क्रूझरवाल्याला तुमचं डोकं दिसायच्या आधी झेंडा दिसतो. हेल्मेटला व्हायझर नको, आत वाळू शिरते, मोटोक्रॉसचं हेल्मेट आणि गॉगल घ्या. एकटं जायचं नाही, हे लिहायची गरज नसावी पण लिहिते.

ऐरोली_सेक्टर८

बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार, प्राजक्ताताई बुटांचं लगेच लिहून घेतलं. तिकडच्या मित्राने दोन गाड्या बघून ठेवल्यात:

एक, वायएफझेड ४५०आर, मालक म्हणतो २०१४ची, पूर्ण एक्झॉस्ट सिस्टिम, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) ट्यून केलेला, "रेस इंजिन", एअरबॉक्सचं झाकण काढून टाकलंय "हवा जास्त मिळावी म्हणून", सोबत पॅडल टायरचा सेट. १६ हजार दिरहम.

दोन, रॅप्टर ७००, २०११, एकच मालक, सगळं कंपनीचं, टायर साधे, प्लास्टिक उन्हाने पांढरं पडलंय, मागचा बंपर वाकलाय. १५ हजार सांगतोय, कमी करेल.

फोटोत पहिली भारी दिसते यार. आणि पॅडल टायर लागतातच का?

कळंबोली_मेकॅनिक

दुसरी बघायला जा. पहिलीबद्दल मालकानेच सगळं सांगून टाकलंय, वाळूत चालणाऱ्या गाडीच्या एअरबॉक्सचं झाकण काढलं म्हणजे मी वर जे पीठ म्हणालो ते आत जायला दार उघडं ठेवलं. झाकण असावं आणि फिल्टरवर वरून कापडी प्री-फिल्टर चढवलेला असावा, दर राइडनंतर झटकायचा. "रेस इंजिन" म्हणजे काय टाकलंय, कोणी टाकलंय, बिल आहे का, हे तीन प्रश्न विचार, तिसऱ्याला उत्तर आलं तर मला कळव. पांढरं प्लास्टिक उलट बरं, गाडी उन्हात उभी होती, वाळूत नव्हती असापण अर्थ निघतो, फक्त उन्हाने रबरी पाइप आणि वायरिंग कडक झालंय का ते वाकवून बघ. बंपर वाकलाय म्हणजे मागे पडली असणार, तेव्हा ॲक्सल आणि मागची सबफ्रेम नीट बघ.

आणि वर्षावर विश्वास ठेवू नको. अमेरिकन स्पेकची असेल, तिथे बऱ्याच असतात, तर फ्रेम नंबरचं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, २०१० म्हणजे ए, २०११ बी, २०१४ ई. फ्रेमवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतः ताडून बघ, फोटोवर नाही.

घोडबंदर_रिटर्न

पॅडल टायर लागतात, पण पहिल्या दिवशी नाही. मागच्या टायरवर आडवी फावडी असतात, वाळू मागे फेकतात, चढावर फरक जमीन-अस्मानाचा. पण टणक जमिनीवर चालवलीस तर ती फावडी घासून जातात, आणि पकड इतकी येते की नवीन माणूस पुढची चाकं उचलून मागे पालथा होतो. एक-दोन महिने साध्या टायरवर हवा कमी करून चालव, मग घे. या गाड्यांची हवा कंपनीचीच ४-५ पीएसआय असते, पेट्रोल पंपावरच्या गेजला ते कळतसुद्धा नाही, लो प्रेशर गेज वेगळा मिळतो तो घे. फार कमी केलीस तर वळताना टायर रिमवरून निघतो.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर: विसरा. भारतात सेकंडहँड गाडी आयात करायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वर ड्यूटी आणि टॅक्स एवढा की गाडी स्वस्त वाटायला लागते, आणि आणलीच तरी आरटीओ पासिंग होत नाही, म्हणजे रस्त्यावर चाक लावता येणार नाही, टेम्पोत घालूनच फिरवायची. आणि फिरवणार कुठे, अलिबाग-काशीदला किनाऱ्यावर गाडी घातली की गुन्हा दाखल होतो, व्हायलाच पाहिजे, खाली वेळास-आंजर्ल्याकडे नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालतात त्या वाळूत. आपल्याकडे वाळूच्या टेकड्या म्हणजे जैसलमेरकडे सम, खुरी. आणि तिकडे शारजात सीझन संपताना, मार्च-एप्रिलला, सगळे विकायला काढतात तेव्हा किमती पडतात, म्हणून तू विकशील तेव्हा नोव्हेंबरला विक, पहिला गारवा पडला की फोन थांबत नाहीत. आणि घेताना घाई नसेल तर हेच उलट लाव.

ऐरोली_सेक्टर८

घाई आहे, एप्रिलपर्यंत थांबलो तर सीझन गेला. मित्राला रॅप्टरवाल्याकडे पाठवतोय, एअरबॉक्समध्ये बोट घालायला सांगितलंय, तो म्हणतो मी अकाउंटंट आहे 😂 १३ला तुटेल का?

कळंबोली_मेकॅनिक

ॲक्सल सरळ निघाला तर १४ला पण घे. वाकडा निघाला तर ॲक्सल आणि बेअरिंगची किंमत तिथल्या दुकानात आधी विचारून तेवढी कापून बोल. अकाउंटंटला हे जमेल.

पनवेल_प्राजक्ता

अजून एक, न्यायची कशी ते ठरवलंय का? शारजात रस्त्यावर चालवत नेलीत तर पोलीस उचलून नेतील. पिकअप भाड्याने मिळतो, रॅप्टर त्यात आरामात बसते. रॅम्प स्वतःचा घ्या, दोन फळ्यांवर चढवणारे बघितलेत, फळी सरकली की गाडी अंगावर येते. बांधताना पुढून दोन, मागून दोन असे रॅचेटचे पट्टे, हँडलला नाही तर ए-आर्म आणि ग्रॅब बारला, गिअरमध्ये टाकून. मित्र गाडी बघायला जाईल तेव्हा पार्किंग ब्रेक लागतो का तेपण बघू दे, जुन्या रॅप्टरवर बऱ्याच जणांनी तो काढूनच टाकलेला असतो.